नागपुरात छोट्या इंडी शोला जायचं तर

मिहानमध्ये नोकरी लागली म्हणून किंवा कॉलेजसाठी नागपुरात नव्याने आलेले एक, आणि इथलेच असूनही गाण्याचा कार्यक्रम म्हटलं की मोठं मैदान आणि लांबवरचा स्क्रीन एवढंच डोळ्यांपुढे येणारे दुसरे, अशा दोघांसाठी हे लिहितोय. शनिवारी रात्री तीन-चार मित्रांनी मिळून एखाद्या कॅफेत, गच्चीवर किंवा लहानशा हॉलमध्ये स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला ऐकायला जायचं आहे. तर कशाच्या आधी काय, ते क्रमाने सांगतो.

इंडी कशाला म्हणायचं यावर रात्रभर वाद घालणारे भेटतील. कामापुरतं एवढं धरा: सिनेमासाठी न केलेली, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय काढलेली, कलाकाराची स्वतःची गाणी. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला इंडियन ओशन हा या वाटेवरचा जुना बँड. अभंग रॉकच्या अंगाने गाणारा मुंबईचा अभंग रिपोस्ट त्यामानाने नवा. भाषा कुठलीही, वाद्यं कुठलीही.

पहिली पायरी: शो शोधणं

नागपुरात मोठ्या कार्यक्रमांना तोटा नाही. रेशीमबागेत सुमारे दोन हजार खुर्च्यांचं सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे, ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर २०१७ पासून खासदार महोत्सव भरतो. त्यांची बातमी पेपरात येते, चौकात फ्लेक्स लागतात. साठ-सत्तर माणसांच्या शोचा फ्लेक्स कोणी लावत नाही. त्याची खबर इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टरवर असते आणि तेही चार-पाच दिवस आधी. धरमपेठ, रामदासपेठ, सदर आणि वर्धा रोड या पट्ट्यातले जे कॅफे ओपन माइक (नाव नोंदवून कोणीही गावं, कविता म्हणावी असा कार्यक्रम) ठेवतात, त्यांची पेजेस फॉलो करून ठेवा. बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट या तिकिटांच्या अॅपवर शहर नागपूर निवडून आठवड्यातून एकदा नजर टाका. पण सगळ्यात पक्की खबर गिटार किंवा ड्रम शिकवणाऱ्या सरांकडे असते, कारण वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यांचाच विद्यार्थी निघतो.

एकदम बँडच्या शोला जायचा धीर होत नसेल तर आधी ओपन माइकला जाऊन बसा. बहुतेक ठिकाणी चहा-कॉफीच्या पैशात काम होतं. त्यात निम्मी कविता असते, थोडे विनोद असतात आणि दोन-तीन जण खरंच चांगलं गातात. ते दोन-तीन जण लक्षात ठेवायचे. पुढचे पोस्टर त्यांच्या नावाने येतात.

मोसमाचंही गणित आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत शो जास्त. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गच्चीवर संध्याकाळी आठलाही तवा तापलेला असतो, तेव्हा एसी असलेल्या बंद जागाच बघायच्या. पावसाळ्यात गच्चीचा शो असेल तर पाऊस आल्यावर काय, पैसे परत की दुसरी तारीख, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा विधानभवन, झिरो माइल, सिव्हिल लाइन्स या भागातले रस्ते मोर्च्यांसाठी बंद होतात किंवा वळवले जातात. त्या दिवसांत अर्धा तास जास्तीचा धरून निघा.

तिकीट काढा, पास मागू नका

आपल्याकडे मोठ्या महोत्सवांचे पास फुकट मिळतात, त्यामुळे कार्यक्रम म्हटला की पहिला प्रश्न येतो, "पास आहे का भाऊ?" छोट्या शोत हा प्रश्न विचारू नये. तिथे दारावर जमलेल्या पैशातूनच जागेचा वाटा, साउंडवाल्याचं भाडं आणि बँडच्या प्रवासाचा खर्च निघायचा असतो. मोबाइलवर एक गाणं एकदा ऐकलं तर कलाकाराच्या हातात काही पैसे पडतात, रुपयाही पडत नाही. म्हणजे तुमच्या एका तिकिटाची बरोबरी करायला ते गाणं हजारो वेळा वाजावं लागेल. बँडमध्ये ओळखीचा असला तर उलट दोन तिकिटं जास्त काढा. त्याच्या ओळखीचेच सगळे फुकटात आले तर खोली भरलेली आणि गल्ला रिकामा, असं होतं.

तिकीट काढताना तीन गोष्टी वाचा. तिकिटाचे पैसे खाण्यापिण्याच्या बिलातून वळते होतात का. बसायचं आहे की उभं राहायचं. आणि वयाची अट. जागा बारची असेल तर दारावर ओळखपत्र बघतात. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ अशी मर्यादा आहे. पिणार नसाल तरी काही ठिकाणी आतच सोडत नाहीत. गटात कोणी एकोणीस वर्षांचं असेल तर फोन करून विचारणं बरं, नाहीतर एकासाठी चौघांची रात्र फुटपाथवर जाते.

सोबत कोणाला न्यायचं

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण शो बिघडतो तो इथे.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पोस्टर टाकलं की अकरा जण अंगठा दाखवतात. त्यातले सहा येतात. त्या सहांपैकी तिघांना गाण्याशी घेणं नसतं, त्यांना भेटायचं असतं. भेटायची हौस चुकीची नाही, पण त्यासाठी फुटाळा तलावाचा काठ आहे, ट्रॅफिक पार्कची चाट आहे. साठ माणसांच्या खोलीत सहा जणांचा घोळका म्हणजे श्रोत्यांचा दहावा हिस्सा. तो बोलत बसला की गायकाला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही. मैदानावर तुम्ही काय बोललात ते स्टेजवर पोहोचत नाही. इथे पोहोचतं. मागच्या टेबलावरून आलेलं "अबे, तो पनीर टिक्का आला का?" हे वाक्य गायकाने मध्येच थांबून माइकवर परत म्हणून दाखवलेलं मी ऐकलंय. सगळे हसले, टेबल सोडून.

म्हणून चार जण पुरे. एकाला तो बँड माहीत असावा, एकाला अजिबात माहीत नसावा (त्याच्या चेहऱ्याकडे बघण्यात वेगळीच मजा आहे), आणि एकाने त्या रात्री न पिण्याचं कबूल केलेलं असावं. चौथा कोणीही चालेल, फक्त "हे संपणार कधी" असं दर दहा मिनिटांनी विचारणारा नको. त्याच्यावर तुमचा कितीही जीव असो, त्याला रविवारी सकाळी तर्री पोह्याला न्या.

हॉस्टेलला राहणारी मैत्रीण असेल तर गेट किती वाजता बंद होतं ते आधी विचारा आणि त्याप्रमाणे शो निवडा. तिला मध्येच उठून जायला लागू नये. गेले चौघे तर परत येताना चौघे, हे आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक तयारी फुकटात होते. जायच्या आधी त्या बँडची तीन-चार गाणी ऐका. पूर्ण अल्बम पाठ करायची गरज नाही. ओळखीचं एक गाणं जरी आलं तरी अनोळखी दहा ऐकायला बळ येतं.

किती वाजता पोहोचायचं

पोस्टरवर साडेसात लिहिलेलं असतं आणि शो साडेआठला सुरू होतो, हे खरं. पण गच्चीवरच्या किंवा लॉनवरच्या शोच्या बाबतीत या भरवशावर राहू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातून काही ठराविक दिवसच बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला ही अट तशी लागू नाही, आवाज बाहेर जायला नको एवढंच. त्यामुळे उघड्यावरचा शो दहाला गुंडाळतातच आणि म्हणून तो वेळेच्या जवळपास सुरू करावा लागतो. तिथे नऊला पोहोचलात तर शेवटची चार गाणी मिळतील. बंद खोलीतला शो मात्र रेंगाळतो.

दोन्ही ठिकाणी पहिल्या कलाकाराच्या आधी पोहोचा. मुख्य बँडच्या आधी अर्धा तास वाजवणारा बहुतेक वेळा नागपूरचाच पोरगा किंवा पोरगी असते, आणि त्यांच्यासमोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात.

जाताना मेट्रो चांगली. ऑरेंज आणि अॅक्वा या दोन मार्गिका सीताबर्डीला भेटतात. धरमपेठेत जायचं तर अॅक्वावर शंकरनगर किंवा एलएडी चौक, सदरसाठी ऑरेंजवर कस्तूरचंद पार्क. पण मेट्रोची सेवा रात्री दहाच्या सुमारास आटोपते आणि सीताबर्डीला गाडी बदलायची असेल तर त्याआधीच निघावं लागतं. शेवटच्या गाडीची वेळ त्या दिवशी अॅपवर बघा. एकूण मेट्रोने जायचं आणि येताना दुसरी सोय, असा हिशेब धरा.

गाडीने जात असाल तर हेल्मेटचा प्रश्न येतो, आणि तो कोणीच आधी विचारात घेत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं; म्हणजे दोन गाड्या, चार हेल्मेट. एक डिक्कीत जातं, एक सीटखालच्या हुकाला अडकवता येतं, पण उभ्याच्या शोत दोन तास हातात हेल्मेट धरून टाळ्या वाजवता येत नाहीत. दारावर ठेवायची सोय आहे का, विचारा. डिसेंबर-जानेवारीत आत घाम येतो आणि परतताना अंबाझरीच्या बाजूला हात बधिर होतात, तेव्हा स्वेटरपेक्षा घडी होऊन कमरेला बांधता येईल असं पातळ जॅकेट बरं. पायात बूट घाला. चप्पल घातलेल्या पायावर अंधारात कोणाचा तरी पाय पडतोच.

आधी खाऊन घ्या

शोच्या जागी खाणं महाग असतं आणि ते गाण्याच्या मध्ये येतं. आलूबोंडा तर्री मारून, किंवा साधं वरण-भात-भाजी, काहीतरी पोटाला आधार होईल असं सातच्या आत खाऊन निघा. सावजी मात्र शोच्या आधी नको. त्या रश्श्यानंतर निवांत तासभर लागतो, आणि कॅफेत एकच बाथरूम असतं.

कुठे उभं राहायचं

नवा माणूस दोनपैकी एक करतो: थेट पहिल्या रांगेत जातो किंवा मागच्या भिंतीला चिकटतो. दोन्ही ठिकाणी आवाज अर्धवट मिळतो.

गायकाचा आवाज स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतो आणि ते स्पीकर खोलीच्या मध्याकडे तोंड करून असतात. अगदी पुढे, मधोमध उभे राहिलात तर ड्रम आणि गिटारचा अॅम्प (गिटारचा स्वतःचा स्पीकर) सरळ तुमच्यावर आदळतो, आणि शब्द मात्र तुमच्या दोन्ही कानांच्या बाजूने निघून जातात. गाणं चांगलं की वाईट हे कळायच्या आधी ते कळतच नाही. भिंतीला आणि विशेषतः कोपऱ्यात खालचे सूर साचतात, म्हणून तिथे बास घुमतो आणि बाकी सगळं चिखलात रुतल्यासारखं वाटतं. साउंडवाला जिथे मिक्सर (आवाज कमी-जास्त करायचं यंत्र) घेऊन बसलाय, त्याच्या पुढे दोन-चार पावलं, मधल्या रेषेच्या जवळ, ही सगळ्यात चांगली जागा. तो स्वतःच्या कानांना जे बरं वाटतं तेच लावत असतो. हल्ली तो टॅबलेट घेऊन खोलीभर फिरताना दिसेल. मग तो जिथे वारंवार थांबतो ते बघा.

नुसती एक गिटार आणि एक गळा असेल तर हे सगळं विसरा आणि पुढे मांडी घालून बसा.

पहिलं गाणं विचित्र वाजलं तर लगेच नाक मुरडू नका. साउंड चेक, म्हणजे शोआधीची आवाजाची तपासणी, रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसं भरली की अंग आणि कपडे वरचे सूर शोषून घेतात, खोलीचा आवाज बदलतो, आणि साउंडवाल्याला तो पुन्हा जमवायला दोन गाणी लागतात.

आता कान. आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालतो, असा कामाच्या ठिकाणांसाठीचा रूढ हिशेब आहे. त्यात दर तीन डेसिबलने वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. लहान खोलीत ड्रमला माइक नसला तरी तो शंभराच्या आसपास सहज जातो. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, किंमत किरकोळ. बोटाने वळून बारीक करायचे, कान थोडा वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले की आवाज कमी होतो, गाणं जात नाही. कापसाचा बोळा घालणारे काका दिसतील. त्याने आवाज विशेष अडत नाही.

शो चालू असताना

आपल्याला हे नवीन नाही. मैफलीत बसलेल्या माणसाला कधी गप्प बसायचं आणि कधी दाद द्यायची हे कोणी लिहून देत नाही. छोटा शो तसाच असतो, फक्त उभ्याने. जोरकस गाण्यात ओरडा, नाचा, शिट्टी मारा. हळू गाण्यात ग्लास टेबलावर ठेवतानासुद्धा जपा. बोलायचंच असेल तर बाहेर जा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये जा.

फर्माईश करू नका. ऑर्केस्ट्राच्या सवयीने मागून हाक येते, "एक किशोरदा होऊन जाऊ द्या!" ज्याने स्वतःचं गाणं लिहायला वर्ष घातलंय त्याला ही हाक कशी लागत असेल याचा विचार करा. त्यांचंच एखादं गाणं नावाने मागितलंत तर मात्र स्टेजवरचे चारही चेहरे फुलतात.

मोबाइलवर एका गाण्याचा तुकडा घ्या आणि खिशात टाका. फ्लॅश बंद. फोन डोक्यावर धरू नका, मागच्याला तुमच्या स्क्रीनमधून बँड बघायला लागतो.

संपल्यावर

शो संपला की दहा मिनिटं थांबा. बँडवाले केबल गुंडाळत असतात. तेव्हा घेरू नका, केबल गुंडाळून होऊ द्या. मग जा आणि काय आवडलं ते नेमकं सांगा. "दुसरं गाणं, त्यात बासरी आली ना, ते" एवढंही पुरतं. टी-शर्ट किंवा स्टिकर विकायला ठेवले असतील तर एखादा घ्या. आवडलं नसेल तर नमस्कार करून निघा. पहिल्याच भेटीत सल्ला देणारे नागपुरात आधीच बरेच आहेत.

हिशेब तिथेच, उभ्या उभ्या करा. एकाने बिल भरायचं, बाकी तिघांनी दारातून बाहेर पडण्याआधी यूपीआय करायचं. "उद्या टाकतो" म्हणणाऱ्याचे पैसे पुढच्या शोपर्यंत येत नाहीत.

पिणाऱ्याने गाडीला हात लावू नये. दारू पिऊन चालवताना पहिल्यांदा पकडलं तरी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही. गाडी तिथेच ठेवा, सकाळी आणा. ऑटो अॅपवरून बोलवा. रात्री अकराला चौकात उभा असलेला ऑटो मीटरचं नाव काढू देत नाही. एकटं कोणी जाणार असेल तर लोकेशन ग्रुपवर टाकायला सांगा, आणि गरज पडली तर ११२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमधून लागतो.

भूक लागलीच तर स्टेशन आणि गणेशपेठच्या एसटी स्टँडकडे चहाचे ठेले जागे सापडतात. गप्पा तिथे मारा, कितीही मोठ्याने.

सकाळी कानात बारीक शिट्टी वाजत असेल तर ती बहुतेक दिवसभरात जाते. दोन दिवसांनंतरही राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि पुढच्या वेळी इअरप्लग घरी विसरायचे नाहीत. काढलेला व्हिडिओ टाकताना बँडला टॅग करा. पण त्यांनी "हे अजून आलेलं नाही" असं सांगून वाजवलेलं गाणं असेल तर आधी त्यांना मेसेज करून विचारा. बऱ्याचदा ते हो म्हणतात, आणि त्याच मेसेजमध्ये पुढच्या शोची तारीखही कळते.